साठ लिंबोण्यांचा ताण

३ फेब्रु.
गवारीचे दोन वाफे टोकले. भेंडी भिजत घातली, उद्या लावायची. लिंबोणीचं पाणी तोडून आज चोवीस दिवस. पानं मलूल व्हायला लागलीत. व्हायलाच पाहिजेत, तहानल्याशिवाय झाड कळी धरत नाही. फक्त मोरीकडची दोन झाडं हिरवीगार, वर नवी पालवी. ठिबक गळतंय, दुसरं काय. ह्यांना सांगितलं. "बघतो" म्हणाले. म्हणजे आठवडा गेला.

५ फेब्रु.
शेवटी मीच खोरं घेतलं. नळी पाक टोकापर्यंत उकरली. गळती कुठंच नाही. कंबर तेवढी गेली. हे खाटेवरून, "सापडलं का गं?" उत्तर दिलं नाही, इथंही लिहीत नाही.
काकडीची चार आळी केली. भेंडी फडक्यात तशीच.

६ फेब्रु.
सापडलं. ठिबक नव्हे, आमची सून. सोनाली. लग्नाला तीन महिने झाले. भांडी धुतलेलं पाणी बादलीत साठवते आणि दोन्ही वेळा त्या झाडांना घालते. महिनाभर, माझ्या नाकाखाली.
"अगं, झाडं ताणावर आहेत. बहार जाईल ना."
"सुकली हुती ओ आई. हिरीला एवढं पाणी, आन् झाडं तशीच…"
मग माझं तोंड सुटलं. शेजारीण कांद्याची पात न्यायला आलेली, तिच्यादेखत. मी म्हणाले, "माहेरी पाणी कधी बघितलंच न्हाई का?"
तिनं बादली पालथी घातली आणि आत गेली.

७ फेब्रु.
खरंच नाही बघितलं तिनं. पाथर्डीकडची पोर. तिकडं उन्हाळाभर टँकर. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला. यंदा आमच्याच तालुक्यात आलेत, कारखान्यामागं पाचटाची कोपी घालून राहतात. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून बोलले, त्याचीच लाज वाटते.
भेंडीच्या बिया मोड येऊन कुजल्या. टाकल्या.

९ फेब्रु., रविवार
आईला बरं नाही म्हणून सोनाली काल कोपीवर गेली. पिशवी मोठी होती. अमोल नगरहून आला, धड जेवला नाही. "आई, काय बोललीस तिला?" म्हटलं, झाडावरून बोलले. अर्धंच खरं. पोरगा माझाच आहे, ओळखलं त्यानं.

१२ फेब्रु.
वाळक्या काड्या छाटल्या. खोडांना चुना-मोरचूद लावलं. शेणखत आळ्यांत पडलं. आता पाण्याचीच वाट.
भांडी मीच घासते. पाणी मोरीत ओतताना हात अडतो.

१५ फेब्रु.
मेथीच्या दोन जुड्या घेऊन कोपीवर गेले. तिची आई फडात ऊस तोडायला गेलेली, म्हणजे आजारबिजार काही नव्हतं. सोनालीनं चहा केला. तांब्याभर पाण्यात सगळी भांडी धुतली आणि ते पाणी दाराशी पत्र्याच्या डब्यात लावलेल्या कोथिंबिरीला घातलं. मी बघत बसले.
माफी मागायला गेले होते. तोंडातून आलं, "कोथिंबीर छान आलीय." अशी मी.
मग म्हटलं, "ताण तोडायचाय. आंबवणी तू सोड." ताणानंतरचं हे पहिलं पाणी. एवढी वर्षं मीच सोडत आले, ह्यांनाही हात लावू दिला नाही.
"मला न्हाई जमायचं."
"नुसता कॉक तर फिरवायचाय."
"बघते."
"माझं चुकलं" हे एसटीत बसल्यावर म्हणाले, मोठ्यानं. शेजारची बाई बघायला लागली.

१८ फेब्रु.
पानगळ वाढलीय. हे चिडले. "आता पाणी दे, न्हाईतर झाडं मरत्याल. हट्ट पुरे." बरोबर बोलतात. दोन दिवस मागून घेतले. रात्रंदिवस जीव टांगणीला. झाडं जातील याचं भ्या, ती यायची नाही याचं त्याहून जास्त.

१९ फेब्रु.
अमोलला फोन केला. "उद्या पाणी सोडायचंय म्हणून सांग तिला. काय म्हणतीय ती?"
"तसं काही नाही म्हणाली. भेंडी लावली का, विचारत होती."
नवीन बी आणलं. भिजत घातलं नाही अजून.

२० फेब्रु.
एक्केचाळिसावा दिवस. बाराची एसटी आली, त्यात ती नव्हती. दीडची आहे अजून. ह्यांनी दोनदा विचारलं, कॉक उघडू का. नको म्हटलं. दीडपर्यंत नाहीच आली तर मीच उघडणार, झाडांचा काय दोष. पण दीड वाजू दे.
सकाळच्या भांड्यांचं पाणी बादलीत तसंच ठेवलंय. कुठं ओतायचं ते तिला विचारीन.