जीप सुरू होत नाही

दादा,

बाबांनी भंगारातून आणलेली गंजकी जीप आता जीपसारखी दिसते. तळाचा सडलेला पत्रा त्यांनी जुनं पिंप कापून बदलला, सीट माझ्या सतरंजीने मढवली. तू फोनवर म्हणालास, "जीप सुरू झाली की येतो, स्टेशनवर घ्यायला तुम्हीच या." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

बाबांना आता समोरचं माणूस आवाजावरून ओळखावं लागतं. तुला ते कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातलीय. तुला सांगता येईना, त्यांना गाडी चालवू देता येईना, म्हणून मी इंजिनातला बोटाएवढा रोटर काढून पिठाच्या डब्यात लपवला. त्याच्याशिवाय गाडी सुरू होत नाही. आठवडाभर ते बॉनेटखाली डोकं घालून बसले. जन्म गॅरेजात गेलेल्या माणसाला एवढं सापडू नये? काल म्हणाले, "हात गेले गं माझे."

आज ते अंघोळीला गेल्यावर मी रोटर गुपचूप परत बसवला. म्हटलं, सुरू होऊ दे एकदाची, पुढचं पुढे. त्यांनी बॉनेट उघडून आत हात घातला, मग किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. दुपारी ते झोपल्यावर मी पाहिलं, तर रोटर जागेवर नव्हता. तो त्यांच्या चष्म्याच्या डबीत होता.

संध्याकाळी म्हणाले, "तुझ्या दादाला सांग, अजून थोडं काम बाकी आहे." मी बरं म्हटलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचल्यावाचल्या तू त्यांनाच फोन लावशील. पण स्टेशनवर रिक्षा मिळते रे, दादा.

तुझी धाकटी