चोवीस तासांच्या आतलं अंडं

सोमवार, ८ डिसेंबर
पुण्याहून ट्रेक आणणाऱ्या शेफाली मॅडमचा फोन. रविवारी राजगडला चाळीस जणांचा ग्रुप. सकाळी सातला गडाच्या पायथ्याला, पाल गावात, माझ्या टपरीवर ऐंशी उकडलेली अंडी हवीत, सोलून. आवडली तर सीझनभर दर रविवारची ऑर्डर आपली. मी शब्द दिला, अंडं चोवीस तासांच्या आतलं. बायकोला, मंगलला, सांगितलं. तर म्हणे, अवो ताजं अंडं सोलत न्हाई, टरफलाला चिकटून बसतंय, आठ दिस ठिवलेलं घ्या. हसलो. हॉटेल लाइनमध्ये नसरापूरला दोन वर्षं मी काढली, तिने नाही.

मंगळवार, ९
ट्रायल. सहा अंडी. टरफलाबरोबर पांढरंही गेलं, हातात बोराएवढा पिवळा उरला. चूक कोंबडीची. तुरेवाली मुळात चिडकी आहे.

बुधवार, १०
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. पाण्यात मीठ टाकायचं. दोन मुठी टाकलं. फरक शून्य. मीठ हलकं असणार. सकाळी भुर्जी. संध्याकाळी भुर्जी.

गुरुवार, ११
खाण्याचा सोडा. एक अंडं जवळजवळ अर्धं अखंड निघालं. मंगलचं तेच पालुपद. शिळं विकणाऱ्यांत आपलं नाव येणार नाही, असं ठणकावलं. भुर्जी.

शुक्रवार, १२
प्रयोग बंद. कॉन्फिडन्स साठवतोय.

शनिवार, १३
गावभर फिरून ऐंशी ताजी अंडी जमवली. शेवटच्या एकासाठी भागूबाईंच्या खुराड्यापुढे तासभर बसलो. बाबा तू जा, कोंबडी लाजतीया, असं त्या म्हणाल्या. मंगल मदतीला आली नाही. कामं हायत म्हणाली.

रविवार, १४. सकाळी ६:३०
ऐंशीपैकी अखंड तीन. बाकीच्यांना खड्डे. 'गावरान लूक' म्हणून सांगणार.

सकाळी १०
मॅडमनी पातेल्यात पाहिलं आणि विचारलं, ही आधी कोणी खाल्लीयेत का. मी उत्तर जुळवतोय तोवर मंगल मागून घमेलं घेऊन आली. ऐंशी सोललेली अंडी, एकाला ओरखडा नाही. किकवीच्या बहिणीकडून आणून तिने आठवडाभर भुशात लपवली होती. माझ्याच घरात. घरचा भेदी म्हणतात तो हाच. चाळीस माणसं माझ्याकडे पाठ करून खात होती. बारावी नापास झालो तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं. सीझनची ऑर्डर मिळाली, पण मॅडमनी नंबर मंगलचा घेतला. रागाने एक अंडं खाल्लं. मग आणखी चार.

सोमवार, १५
मंगलने काम नेमून दिलंय. रोजची अंडी गोळा करायची, पेन्सिलीने तारीख टाकायची, टोपलीत ठेवायची. आज बारा अंड्यांवर टाकली. अठ्ठावीस तारखेपर्यंत हात लावायचा नाही, असं तिने बजावलंय. मी तसाही लावणार नव्हतो.