सात वस्तू, तीन वारस

४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू (कोणाकडे एक दिवसही न शिकता):
कपाट. उंची सहा फूट दोन इंच, डावीकडे दोन सूत कमी.
जेवणाचं टेबल.
त्याच्या खुर्च्या, तीन. चौथीचे पाय तयार आहेत.
पलंग.
आरशाचं टेबल, खास हिच्यासाठी.
चपलांचा स्टँड.
पुस्तकांची मांडणी. (पुस्तकं ठेवू नयेत.)
एकूण सात. आज यादी करण्याचं कारण: आमच्या ऑफिसातले कॅशियर वारले आणि त्यांच्या मुलांचं एका टीव्हीवरून बोलणं बंद झालं. एक टीव्ही, तोही विकतचा! माझ्याकडे तर सात वस्तू आणि मुलं तीन. गणित उघड आहे. रक्तपात होईल.
संकल्प: या महिन्यात मृत्युपत्र करणे. वय सत्तावन्न, तब्येत ठणठणीत, पण तयारी हवी.
घराचा प्रश्न नाही. ते हिच्या नावावर होतं, जाण्याआधी तिने मुलांच्या नावावर केलं. एका पानात. बारकाव्यांत तिला कधी रस नव्हता.

७ फेब्रुवारी
मसुदा पूर्ण. अकरा पानं. त्यातलं दीड पान कपाटाच्या दारावर. दार डाव्या हाताने किंचित उचलावं, उजवा गुडघा खालच्या कोपऱ्याला टेकवावा, मग न घाबरता ओढावं. आमच्या हिला हे चार वर्षांत जमलं. पुढच्या पिढीने दीड पान वाचायला काय हरकत आहे?

९ फेब्रुवारी, रविवार
तिघांना चहाला बोलावलं. थोरल्याला लाल स्टिकर, मुलीला निळे, धाकट्याला पिवळे. ज्याला जे हवं त्यावर त्याने आपला स्टिकर लावायचा. संकोच नको म्हणून मी स्वतः बाल्कनीत जाऊन बसलो. आतून कुजबुज ऐकू येत होती. वाटलं, जुंपली.
चाळीस मिनिटांनी आत आलो. एकाही वस्तूवर स्टिकर नाही. तिन्ही पाकिटं टेबलावर, फोडलेलीही नाहीत.
लाजली बिचारी.
मुलगी म्हणाली, बाबा, दादा थोरला, त्याचा मान पहिला, सगळं त्यालाच द्या. थोरला म्हणाला, छे, माहेरची आठवण म्हणून कपाट तिलाच शोभेल. ती म्हणाली, माझं दार अडीच फुटी आहे. मी म्हटलं, दार मोठं करून देतो, त्यात काय, मीच करतो. त्यावर ती एकदम उठून कप विसळायला गेली. भरून आलं असणार.
धाकट्याने विचारलं, कपाट सुटं करता येतं का? म्हटलं, नाही. डिंक माझा स्वतःचा आहे, फॉर्म्युला कोणाला सांगितलेला नाही. तो म्हणाला, आमच्याकडे लिफ्ट नाही हो बाबा, आणि हसला. लहानपणापासून असाच, काही मागायचं म्हणून नाही.

१३ फेब्रुवारी
वाटणी मीच केली. कपाट मुलीला, टेबल-खुर्च्या थोरल्याला, पलंग धाकट्याला. बाकी चिठ्ठ्या टाकून.
संध्याकाळी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी अकरा पानं वाचली. चष्मा काढला. पुसला. परत घातला. पानं तेवढीच होती. विचारलं, दागिने? नाहीत. बँक? तिथे तिघांची नावं आधीच घातलेली. मग म्हणाल्या, म्हणजे हे सगळं फर्निचरबद्दल आहे? म्हटलं, बाई, हे फर्निचर नाही.
नियम सांगितला: दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. सही केली की त्याचा वाटा गेला. लिहून घेतलं. फीऐवजी फायलींचा रॅक करून देतो म्हटलं. त्यांनी रोख मागितले. सरळ बाई.

१४ फेब्रुवारी
मुलं अंधारात नकोत म्हणून सकाळी ८.०२ वाजता घरच्या ग्रुपवर नियम शब्दशः टाकला. साक्षीदार म्हणून शेजारच्या दोघांना विचारतोय, असंही लिहिलं.
८.०४, थोरला: बाबा, शेजारी कशाला, मी आहे ना.
८.०४, मुलगी: मी आधी टाईप करत होते.
८.०५, धाकटा: मी पण. (आयुष्यात दुपारी बाराच्या आत याने कधी उत्तर दिलेलं नाही.)
डोळे पाणावले. वडिलांच्या एका सहीसाठी आपापला वाटा सोडायला निघाली! संस्कार, दुसरं काय.

१७ फेब्रुवारी
भांडण होणार हे मी म्हटलंच होतं. साक्षीदार दोन, उमेदवार तीन. मुलीचा फोन: दादा नेहमी पुढे पुढे करतो, आईनेच डोक्यावर बसवलं. धाकट्याचा फोन: मी लहान म्हणून दर वेळी उरलेलं माझ्याच गळ्यात का? हा काय बोलला ते कळलं नाही. लाईन खराब असावी.
रात्री थोरल्याने परस्पर वकीलबाईंना विचारलं. तीन साक्षीदारही चालतात म्हणे. तिघांत एकदम गोडीगुलाबी.

१८ फेब्रुवारी
मग वस्तू कोणाला? हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं नाही. मी विचार करत होतो.
पलंगावर बसून विचार केला. (मधे बसू नये.) मला काय हवंय? माझ्यामागे तिघांच्या घरात माझ्या हातचं एखादं लाकूड असावं. एवढंच. मुलांचं चुकतंय कुठे? त्यांना किंमत ठाऊक नाही. विकतच्या वस्तूवर लेबल असतं, माझ्या वस्तूंवर नाही.
योजना: जुनं सामान घेणाऱ्या व्यापाऱ्याला बोलावणे. तिघांच्या देखत त्याने आकडा सांगायचा. आकडा ऐकला की साक्षीदार पटापट गळतील. फार मोठा आकडा सांगितला तर पुन्हा भांडण, तेवढी एक धास्ती.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी १२.४०
व्यापारी ११.२० ला आला. तिघं वेळेआधीच हजर, हे नमूद करतो. कपाटाशी पाच मिनिटं झटला. गुडघा, म्हटलं. त्याने गुडघा लावला. दार उघडलं, पूर्ण, बिजागरीसकट. खुर्चीवर बसला आणि लगेच उठला. विचारलं, कोणी केलंय? म्हटलं, कारागीर समोर उभा आहे. कुठे शिकलात? कुठेच नाही. ते आलं लक्षात, म्हणाला. जाणकार माणूस.
मग म्हणाला, सातही वस्तू आजच उचलतो, टेम्पो खाली उभा आहे. थोरला लगेच खुर्ची उचलायला पुढे झाला. मी हाताने थांबवलं. म्हटलं, आधी आकडा सांगा, स्पष्ट, तिघांना ऐकू जाईल असा.
त्याने सांगितला.
तिघांचे हात एकदम पाकिटांकडे गेले. मुलीची पर्स सगळ्यांत आधी उघडली. बाबा, मी देते, म्हणाली. थोरला म्हणाला, तू ठेव, मी देतो. धाकटा म्हणाला, अर्धे माझे. इतक्या प्रेमाने तिघं गेल्या तीन वर्षांत एकमेकांशी बोलली नव्हती.
मी ऑफर साफ नाकारली. रक्कम बाराशे. मी त्याला द्यायचे.