होय म्हटल्यानंतर

मरोळ, अंधेरी (पूर्व)
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९८५

प्रिय नंदास,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं लग्न ठरल्याचं काल संध्याकाळी आपल्या पाळकसाहेबांनी सांगितलं. मिरजेच्या पाळकांचं पत्र त्यांच्या हातातच होतं, म्हणजे बातमी पक्की. २८ डिसेंबर, शनिवार. नवरदेव दशरथराव, तुमच्याच दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर असतात, पहिली बायको वारून सहा वर्षं झाली. एवढं वाचून पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "साळवे, ही नंदा रत्नाकर साळवे तुमची कोण?"

"बहीण."

"अहो, मग दोन वर्षांत एकदाही बोलला नाहीत?"

ते दोन वर्षांपूर्वी आले. त्यांना माहीत असायचं कारण नाही. मी म्हटलं, लांब असते.

आम्ही इकडे बरे आहोत. जयंतीचा गुडघा दुखतो, पण चालते. उत्तरा जानेवारीत तेराची होईल, गायनात चांगली आहे. मी अजून आरेच्या डेअरीत, त्याच टेबलावर. मरोळहून सकाळची बस, झाडांतून वीस मिनिटं, मग दिवसभर नळ्या आणि नमुने. निवृत्तीला चार वर्षं उरलीत. हल्ली घरी आलो की बूट काढायलाही वेळ लागतो. वय असेल. नुसतं वय नसेलही.

मिरजेच्या पाळकांनी रिवाजाप्रमाणे तुझ्या वर्तनाचा दाखला मागितला आहे. तुला तो छापील कागद आठवत असेल. "सदर व्यक्तीचे वर्तन" आणि पुढे रिकामी जागा, खाली चिटणिसाची सही. चिटणीस अजून मीच आहे. एकोणीस वर्षं कुणी दुसरा तयार होत नाही.

मी पाळकसाहेबांना वहीतला तुझ्याविरुद्धचा ठराव दाखवला. त्यांनी वाचला, तारीख बघितली, वही मिटली. "तेरा वर्षं झाली हो. 'चांगले' लिहा, शिक्का मारा, पाठवून द्या. कोण विचारतंय?"

मला ते पटलंही असतं. शिक्का माझ्याच ट्रंकेत असतो. पण पत्रात खाली तू सांगितलेलं लिहिलं होतं: ठराव मंडळीसमोर वाचून रद्द झाल्याशिवाय मला दाखला नको. आणि त्यावर मिरजेच्या पाळकांचा शेरा, दाखल्याशिवाय मी लग्न लावू शकत नाही, तरी कृपया त्वरा करावी.

ते वाचून मला तुझा राग आला, हे खरंच सांगतो. चाळिसाव्या वर्षी मिळतंय ते घ्यावं गपचूप, असं मनात आलं. घरी येऊन जयंतीला तसं म्हणालोही. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही वाचलात तेव्हा गपचूप वाचलात का?"



शुक्रवार, १५ नोव्हेंबर

काल पत्र तिथेच थांबवलं, कारण मला दुसरं लिखाण संपवायचं होतं. आपल्या भागातल्या मंडळ्यांची अभ्यासपुस्तिका जानेवारीला निघते. त्यातला एक पाठ माझ्याकडे आलाय, विषय दुष्टता. पाळकसाहेब म्हणाले होते, "सरळ लिहा. दारू, जुगार, व्यभिचार. दोन पानं. सोमवारी छापखान्यात." मीही तेवढंच लिहिणार होतो. पण कामाची सवय वाईट. नमुना तपासल्याशिवाय कागदावर आकडा टाकवत नाही. म्हणून बायबलची शब्दसूची काढली आणि जिथे जिथे कुणाला दुष्ट म्हटलंय ती प्रत्येक जागा उघडून बघितली. तीन आठवडे गेले त्यात.

नंदा, दारू फार थोडी सापडली. व्यभिचार आहे, नाही असं नाही. पण जुन्या करारात दुष्ट म्हणून जो पुन्हापुन्हा येतो तो वेगळाच माणूस आहे. तो शेजाऱ्याच्या शेताचा दगड रात्रीतून सरकवतो. पोरक्याचं गाढव हाकून नेतो. खोटी साक्ष देतो. अंथरुणावर पडल्यापडल्या बेत करतो आणि सकाळी देवळात पुढे बसतो. देव बघत नाही असं तो तोंडाने म्हणत नाही, मनात म्हणतो. नव्या करारात तर प्रभू सर्वांत कडक बोलतो ते जकातदारांशी किंवा वेश्यांशी नाही. नियम पाठ असलेल्यांशी बोलतो. त्यांना तो बाहेरून चुना लावलेल्या कबरी म्हणतो.

आणि भ्रष्टपणा, म्हणजे माणूस आतून कुजणं, ते एका मोठ्या पापाने होतं असं कुठेच दिसलं नाही. चांगलं काय ते दिसतं, आणि माणूस त्याच्याकडे पाठ करतो. मग पाठ करायची सवय होते. मग ते दिसेनासंच होतं. माझ्या टेबलावरची गोष्ट सांगतो. नासलेलं दूध दारातूनच कळतं, त्याला माझी गरज नाही. पाणी घातलेलं दूध पांढरंच असतं, वास गोड, उकळतंही नीट. लोक ते पितात आणि चांगलं म्हणतात.

हे मी पाठात लिहिलं. दीड पान झालं. मग उदाहरण द्यायचं होतं, आणि माझ्याजवळ एकच होतं, तेच लिहिलं.

तू मला सांगितलं होतंस. ठराव झाला त्या सभेच्या आदल्या दिवशी, नळावर, बादली भरेपर्यंत. "दादा, दिवस गेलेली ती माणिक होती. मी फक्त सोबत गेले. घाटकोपरच्या डॉक्टरांकडे नाव विचारलं तर पोरगी थरथरायला लागली, म्हणून मी माझं टाकलं. तिचं नाव कुणाला सांगू नको, मी तिला शब्द दिलाय." माणिक तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्न व्हायचं. आणि तिचे वडील म्हणजे काशीरामबापू, आपल्या पंचांचे प्रमुख.

त्या डॉक्टरांकडे आपली सुंदराबाई झाडलोटीला होती, हे तुम्हां दोघींच्या ध्यानात आलं नाही. तिने वहीत नाव बघितलं. बिचारीने वाईट हेतूने सांगितलं असंही नाही. प्रार्थनेसाठी म्हणून दोघींना सांगितलं, आणि प्रार्थनेसाठी म्हणून ते सगळ्या मंडळीत गेलं.

दुसऱ्या दिवशी बापूंनी मला सर्वांसमोर विचारलं, "जयवंता, तू भाऊ आहेस, तूच सांग. पोरगी त्या डॉक्टरकडे गेली होती का?"

"होय."

"तिथे लिहिलेलं नाव तिचंच?"

"होय."

बापू थांबले. मला वाटतं मी आणखी काही बोलावं म्हणून थांबले. पंखा फिरत होता. तू बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, माझ्याकडे बघत होतीस. मी वहीकडे बघितलं.

तेव्हा मनाशी एक वचन धरून बसलो होतो. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं. त्याहून जे जास्त ते त्या दुष्टाकडून. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. आणि तुझाही शब्द पाळत होतो. किती सोयीचं, बघ. माणिकचं नाव घेऊ नको असं तू म्हणाली होतीस. 'माझी बहीण नव्हती' एवढंही बोलू नको, असं कधी म्हणाली होतीस? त्या दोन वाक्यांच्या मधे उभं राहायला भरपूर जागा होती. मी राहिलो नाही.

पंचांनी ठरावात "गैरवर्तन" म्हटलं होतं. हे तुला माहीत नसेल. वहीत उतरवताना मी "दुष्टता व दुराचार" असं केलं. भावाने हात आखडता घेतला असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि तेच उभं राहून वाचलं, चांगल्या आवाजात.

एका बाईला धरून आणल्याची गोष्ट शास्त्रात आहे ना, त्यात दगड टाकून आधी म्हातारे निघून जातात. आपल्याकडे कुणी उठलं नाही. शेवटचं गीत म्हणून सगळे घरी गेले.

शनिवार, सकाळ

जयंतीने हे पत्र वाचलं. मी दिलं नव्हतं, टेबलावर होतं. म्हणाली, "सगळं लिहिलंत, पण खाट कुठाय?"

तर खाट.

जयंतीला सातवा महिना होता. एक खोली, त्यात आम्ही दोघं, तू आणि येणारं मूल. तुला दुसरीकडे जा असं सांगायचं कसं, हे मी महिनाभर मनात घोळवत होतो. बापूंनी सभेत प्रश्न विचारला आणि उत्तर देण्याआधी जो क्षण गेला, त्यात माझ्या मनात शास्त्र नव्हतं, बापूंची भीतीही नव्हती. खोली होती. तू मिरजेला गेलीस त्याच आठवड्यात मी तुझी खाट बाहेर काढली आणि तिथल्या कडीला पाळणा बांधला. कडी अजून आहे. उत्तरा तिला दप्तर अडकवते.

मी कुणाचा द्वेष केला नाही. कुणाचं वाईट चिंतलं नाही. मला फक्त जागा हवी होती. शब्दसूचीतल्या सगळ्या जागा उघडून बघितल्यावर मला वाटतं, दुष्टतेला याहून जास्त काही लागत नाही.

काल कामावरून सुटून बोरिवलीला माणिककडे गेलो. तिला दोन मुलं आहेत, नवरा सज्जन आहे. मला दारात बघूनच तिचा चेहरा उतरला. तिला आधी चांगली बातमी सांगितली.

"नंदाताईचं लग्न? खरंच? मला लिहिलं नाही हो तिने."

"तुला लिहिते ती?"

"दर नाताळला. मी कार्ड पाठवते, ती चार ओळी पाठवते." मग तिला कळलं की मला हे माहीत नव्हतं. ती उठून पाणी आणायला गेली.

तेरा वर्षांत तू मला एकही ओळ लिहिली नाहीस. तिला तेरा वेळा लिहिलंस. मी ते पाणी प्यायलो.

मी तिला म्हटलं, "रविवारी मी उभा राहणार आहे. तुझं नाव घेणार नाही. फक्त कुणी विचारलं तर तुला आधी ठाऊक असावं."

तिने पदराचं टोक पिळलं. "काका, नाव घेऊ नका असं म्हणायचा मला हक्क नाही. आणि घ्या म्हणायची हिंमत नाही. बाबा ऐंशीचे झालेत."

"तुला काही म्हणायचंच नाहीये, पोरी. हे माझं आहे."

"मग इतकी वर्षं कुणाचं होतं?"

निघताना तिने तुझ्यासाठी एक साडी दिली, मोरपंखी, न उघडलेली. म्हणाली, स्वतःसाठी घेतली होती. ती या पत्राबरोबर पार्सलने पाठवतोय.

घरी येऊन पाठातलं उदाहरण खोडलं. छापील पानावर लिहून सुटका करून घेणं हेही पाठ फिरवणंच झालं असतं. पाठ उदाहरणाशिवायच जाईल. पाळकसाहेबांना सांगितलं, उद्या उपासनेनंतर सभासदांनी थांबावं अशी सूचना द्या. "कशासाठी?" विचारलं त्यांनी. मी म्हटलं, चिटणिसाला जुना ठराव वाचायचा आहे. "साळवे, कशाला माती उकरता? चांगले लिहा आणि सोडा." ते चांगले गृहस्थ आहेत. मीही चांगला गृहस्थ होतो.

जयंती म्हणाली, आधी नंदाला कळवा, मग मंडळीला. उलटं केलंत तर पुन्हा तेच. म्हणून हे पत्र आज दुपारीच टपालात टाकतोय. तुझ्या हाती पडेल तोवर रविवार होऊन गेला असेल. लग्नाला बोलाव असं मी म्हणत नाही. दाखला तयार झाला की तो पोस्टाने येईल, सही माझी नसेल. चिटणीसपद उद्याच सोडतो आहे. रिकाम्या जागेत काय लिहायचं ते मंडळी ठरवेल, पण माझ्या हातून तिथे आता काही लिहिलं जाऊ नये.

उद्या साडेदहाला उपासना सुटेल. बापू पुढच्या बाकावर असतील, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने वाचावं लागेल. माणिक येईल की नाही, माहीत नाही. मी आधी ठराव वाचेन, त्यातला कुठला शब्द माझा आहे ते सांगेन, आणि तो ज्याला लागू होता त्याचं नाव सांगेन. मग बापू काठीवर हात ठेवून विचारतील, त्यांची पद्धत तीच आहे: "म्हणजे तेव्हा तुला ठाऊक होतं? होय की नाही?"

मी होय म्हणेन. आणि या वेळी त्याच्यापुढेही बोलेन.

दादा म्हणायचं की नाही ते तू ठरव. तोवर नुसताच,

जयवंत