वायपर मीच दुरुस्त करणार

३ जुलै, बुधवार
वायपर काचेच्या मधोमध उभा! चिल्हार रस्त्याला, भर पावसात. खिडकीतून मुंडकं बाहेर काढून गाडी घरी आणली. १९ तारखेला प्रतीक्षाला सफाळ्याहून बाळंतपणाला आणायचंय आणि याला आत्ताच मरायचं होतं.

लगेच जावयाचा फोन. "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? मी आणून सोडतो ना." पहिल्या बाळंतपणाला माहेरचं माणूस न्यायला जातं, एवढंही विपुलरावांना कोणी शिकवलेलं नाही. स्वतः गाडी चालवतात ती मोबाईलमधली बाई सांगेल तशी! नवव्या महिन्यातली पोर अशा पावसात याच्या भरवशावर? छे. मी आणणार, माझ्या गाडीतून.

४ जुलै
गॅरेजवाला देवू. बॉनेट उघडायचेही कष्ट नाहीत. "काका, मोटर गेली. नवीच टाका. ती उघडायची नाय." उघडायची नाय म्हणे! तारापूरच्या कारखान्यात मोटरी उघडण्यातच माझा जन्म गेला. तुझ्या गॅरेजात मावणार नाहीत एवढ्या मोठ्या! याला नट कुठला नि बोल्ट कुठला, ते तरी कळतं का, शंका आहे.

५ जुलै, शुक्रवार
कारखान्याची शुक्रवारची सुट्टी. सकाळीच कामाला लागलो. आधी फ्यूज काढला, स्टिअरिंगला 'काम चालू आहे'ची पाटी लावली. कारखान्याचा नियम — पाटी लावणाऱ्याने फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कोणी शहाणा मधेच चालू करणार नाही. चंद्रकांता हसली. "इथं कोण येतंय चालू करायला?" बायकोला शिस्त समजावण्यात अर्थ नाही.

काचेखालची जाळी काढली, मोटर बाहेर. ग्रीसचा पार दगड झालेला. साफ केलं, नवं भरलं. बॅटरीवरून थेट वायर दिली — गरागरा फिरली! म्हणजे मोटर ठणठणीत. देवू गाढव, हे सिद्ध.

सगळं बसवलं. बटण दाबलं. ढिम्म.

६ जुलै
ढिम्म. पुन्हा उघडली, पुन्हा बसवली. बटण बदललं. गाडी बनवणाऱ्यांनी वायरी कुठून कुठे नेल्यात! इंजिनिअर म्हणवतात. आमच्याकडे पहिल्याच दिवशी हाकलले असते.

७ जुलै, रविवार
चंद्रकांता कपडे वाळत घालता घालता — "अहो, तुमच्या शर्टाच्या खिशात हे निळं काय आहे?"

फ्यूज. धुऊन, पिळून, स्वच्छ.

धुण्याआधी खिसे बघायला काय होतं हिला? फ्यूज बसवला. वायपर हलला, पण अडखळत. मग खाली वाकून बघितलं — अर्थिंगचा बोल्ट गंजून लाल. इथली खारी हवा! पॉलिश पेपरने घासला, घट्ट आवळला. आता असा चालतो की बघत राहावं. देवूला मुद्दाम दाखवून आलो. त्याने नुसतं पान थुंकलं.

११ जुलै
मोटर झकास. पण काच नीट पुसली जात नाही. पातळ पडदा राहतो, दुधाच्या सायीसारखा. संध्याकाळी कामावरून येताना समोरच्या टेम्पोचे दिवे काचेवर फुटून पसरतात. रबर टाकाऊ, दुसरं काय! हल्ली कोणी धड माल बनवतच नाही.

१३ जुलै
नवं रबर आणलं. पडदा तसाच. दुकानदाराने जुनाच माल गळ्यात मारला. त्याला दुकानात चारचौघांत सुनावलं.

१५ जुलै, सोमवार
काच राखेने घासली, मग शाम्पूने, मग व्हिनेगरने. चंद्रकांताला शेजारच्या सीटवर बसवून विचारलं. "मला तर लख्ख दिसतंय." हिने आयुष्यात कधी स्टिअरिंग धरलं नाही, हिला काय कळणार काच म्हणजे काय!

१८ जुलै
प्रतीक्षाचा फोन. आवाज दमलेला. "बाबा, पाय खूप सुजलेत. हळू चालवाल ना?" पोरी, तुझ्यासाठी फुलासारखी चालवेन. फोन ठेवल्यावर उगाच डोळे भरून आले. तिच्या लहानपणी मी कायम शिफ्टमध्ये. आता एवढं तरी माझ्या हातून नीट होऊ दे.

विपुलरावही सोबत येणार म्हणतात. येऊ देत, मागे बसून मोबाईल बघतील. वायपरचा वेग वाढवून ठेवलाय, पडद्याला तोच उपाय.

१९ जुलै, शुक्रवार
सफाळ्याहून निघालो तेव्हा धो धो पाऊस. प्रतीक्षा माझ्या शेजारी, पोटावर हात ठेवून. वायपर जोरात, तरी समोर सगळं धुरकट. पालघर यायच्या आधी एका म्हशीसमोर अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक मारला. मागे विपुलचा मोबाईल खाली पडला. म्हशीवर, तिच्या मालकावर, सगळ्या गावावर मी ओरडून घेतलं.

मग प्रतीक्षाने हळूच माझ्या हातावर हात ठेवला. "बाबा, वायपर बंद करा ना. पाऊस कधीचा थांबलाय, काच लख्ख आहे."

बंद केला. समोर तसंच धुरकट.

गाडी कडेला घेतली आणि चावी विपुलच्या हातात दिली.