ताईची गाडी आणि उघडी खिडकी

ताई,

तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. वायरमनला आणायला चाललोय. तुझ्या गाडीच्या चार्जिंगची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून जाते, म्हणून खिडकी लागत नाही, गारठा आत येतो आणि आई दोन हीटर लावून बसते. पृथ्वी तापू नये म्हणून घर तापवणारं आपलं पहिलंच कुटुंब असेल. भिंतीला भोक पाडून घेऊ.

काल जेवताना मी म्हणालो, "वीजसुद्धा कोळशाचीच गं, धुरानं फक्त गाव बदललं." तू ताटावरून उठलीस आणि गाडी परत करते म्हणालीस. बोललो ते खोटं नव्हतं, पण माझ्या जिभेला हाड नाही.

आज पहाटे गाडीत नुसता बसून राहिलो. बाहेर धुकं, आत जरासाही आवाज नाही. वाटलं, गल्लीचं तळं झालंय आणि आपण तरंगत निघालोय. गाडी बंद होती, ते सोड.

एका गाडीनं जग सुधारणार नाही. पण पुढच्या महिन्यात तू दवाखान्यातून बाळाला घेऊन दारात उतरशील, तेव्हा त्याच्या नाकात पहिला धूर आपला तरी नसेल. शोरूमला फोन करू नकोस.

– बाळाचा मामा