बिस्किटांच्या गावातले शनिवार

आई,

त्या गावात आपल्याला बघायला जमलेली माणसं पहिल्या दिवशी जरा हिरमुसली होती, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? अमेरिकन इंजिनियर सहकुटुंब येणार म्हणून कारखान्याच्या फाटकाशी निम्मं गाव उभं होतं. त्यांना उंच, सोनेरी केसांची माणसं हवी होती. जीपमधून उतरले ते जाड चष्म्याचे बाबा, रस्त्यातल्या खड्ड्यांनी चेहरा पडलेली मी, आणि फिकट निळ्या साडीवर मिनेसोटाच्या थंडीचा कोट चढवलेली तू, कपाळावर ठसठशीत कुंकू. गर्दीतून एक ठेंगणी, आखूड केसांची बाई पुढे आली आणि तुझ्या कपाळाकडे बोट दाखवून काहीतरी विचारू लागली. कारखान्याने दिलेले दुभाषी म्हातारे होते, लहानपणी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेले. ते अवघडून म्हणाले, "या आमच्या कारखान्याच्या डॉक्टर. जखम कशाने झाली, असं विचारतात." तू बाबांकडे बघितलंस आणि तोंडाला पदर लावून हसायला लागलीस. ती बाईही हसली, कशाला ते न कळता. तुमचं तिथेच जमलं असणार.

मी चौदा वर्षांची होते, म्हणजे ते शहाऐंशी साल. बाबांच्या कंपनीने चीनमधल्या नदीकाठच्या त्या छोट्या गावात बिस्किटांच्या कारखान्याला भट्ट्या विकल्या होत्या, त्या बसवून द्यायला आणि तिथल्या लोकांना शिकवायला बाबांना वर्षभर पाठवलं. तू इथे एकटी काय करणार, म्हणून आपण दोघी बरोबर निघालो. खरं तर तू इथेही एकटीच होतीस. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या त्या घरात चार बेडरूम होत्या, दोन गाड्या होत्या आणि तुला ड्राइव्ह करता येत नव्हतं. बाबा सकाळी गेले, मी स्कूलबसमध्ये चढले, की तू आणि समोरचं लॉन. मी परत यायचे तेव्हा तू स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असायचीस. मग आपण दोघी चहा प्यायचो आणि मी दिवसभरातलं सगळं तुला सांगायचे, अर्धं इंग्रजीत. दहा वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या गावात मात्र तुला क्षणभर एकटं राहायला मिळत नाही. पहाटे लाउडस्पीकरवर गाणं लागतं आणि सगळं गाव रस्त्यावर येऊन हातपाय हलवतं. तू खिडकीतून बघतेस, चौथ्या दिवशी स्वेटर घालून त्यांच्या शेवटच्या रांगेत उभी राहतेस. बाजारात तू कोथिंबीर बघून थबकलीस, तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मिनेसोटाच्या दुकानात कोथिंबीर मागितली की हातात तशीच दिसणारी, बिनवासाची पार्सली ठेवायचे, आणि त्या बाजारात जुड्यांचा ढीग. आपल्यामागे वीस-पंचवीस माणसं चालत असतात, तू काय घेतेस ते बघत. कारलं घेतलंस की सगळे माना डोलावतात. दुपारी जेवण झालं की गाव गप्प होतं, दुकानदारसुद्धा काउंटरवर डोकं ठेवून झोपतो. तू खूश होऊन म्हणालीस, "अगं, ही आपलीच माणसं की. दुपारी झोपतात." भट्ट्या सुरू झाल्यावर सगळ्या गल्ल्यांना भाजलेल्या साखरेचा वास यायला लागला. रविवारी नदीच्या बांधावर बसून आपण सूर्यफुलाच्या बिया सोलायचो. माझे शाळेचे धडे अमेरिकेहून पोस्टाने यायचे, ते संपले की वाचायला काही उरायचं नाही, म्हणून तू मला मराठी लिहायला शिकवलंस. आज हे लिहिते आहे ते मराठी तिथलं, चिनी वहीत गिरवलेलं.

आणि शनिवार. शनिवारी संध्याकाळी कारखान्याच्या जेवणघरातली टेबलं भिंतीला लावायचे, सिमेंटच्या जमिनीवर पावडर शिंपडायचे आणि टेपरेकॉर्डर लावायचे. नाच म्हणजे वॉल्ट्झ, जोडीजोडीने गिरक्या घ्यायचा. सरकारने बरीच वर्षं बंद ठेवला होता म्हणे, आता पुन्हा सुरू झालेला. बायका बायकांबरोबर नाचायच्या, पुरुष बरेचसे भिंतीला टेकून. डॉक्टरबाईंनी तुला हाताला धरून ओढलं. दोनदा तू नको म्हणालीस. तिसऱ्यांदा पदर कमरेला खोचलास. त्या कानाशी ताल मोजत होत्या, "पंग-चा-चा, पंग-चा-चा," आणि तू खाली पायांकडे बघत, जीभ दातांत धरून. बाबा झाकणाचा चहाचा मग घेऊन बसले होते. "अगं, पडशील," ते म्हणाले. तू गिरकी घेता घेता म्हणालीस, "पडले तर डॉक्टर आहेत की हातात!"

मी त्या रात्री खोलीवर आल्यावर रडकुंडीला येऊन म्हटलं, "आई, प्लीज, एव्हरीवन वॉज लुकिंग ॲट यू."

"बघू दे," तू केस सोडत म्हणालीस. "ईडन प्रेरीत दहा वर्षांत कोणी मान वळवून बघितलं का मला?"

तू दर शनिवारी जायला लागलीस. हिवाळ्यात साडीवर कापसाचा जाडजूड कोट घालून. डॉक्टरबाई तुला न्यायला यायच्या, तुमची भाषा चाळीस शब्दांची असेल, बाकी हातवारे, आणि जिन्यावरून तुमचं खिदळणं ऐकू यायचं.

मग तो डिसेंबरमधला शनिवार. बाबा कारखान्यात होते. तू आतल्या खोलीत निऱ्या करत होतीस आणि दारावर टकटक झाली. दार मी उघडलं. डॉक्टरबाई गळ्यात लाल मफलर घालून उभ्या. मी काही ठरवलं नव्हतं. माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. तापाला चिनीत काय म्हणतात ते मला येत होतं, ते म्हटलं, आतल्या खोलीकडे बोट दाखवलं, आणि दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण केली. त्यांनी आत यायला पाऊल उचललं. मी दार सोडलं नाही. त्यांनी मफलर सारखा केला आणि त्या जिना उतरून गेल्या. मग तू बाहेर आलीस, कोट घातलेला, आणि खुर्चीत बसलीस. एक तास बसलीस. "कोण आलं होतं गं?" "नोबडी. शेजारचे." शेवटी तू कोट काढलास. "पेशंट असेल एखादा," म्हणालीस आणि भात लावायला उठलीस.

डॉक्टरबाई आपला पेशंट बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. बरोबर दुभाषी, आणि हातात झाकण लावलेला डबा, त्यातून वाफ. तू दार उघडलंस तशी त्यांनी तुझ्या कपाळाला हात लावला. दुभाषी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, काल ताप होता असं कळलं. रात्री त्यांनी स्वतः औषध उकळलं आहे. आता कसं वाटतं?" मी टेबलापाशी होते. तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही, श्वास घेण्याइतकं. मग म्हणालीस, "बरं आहे म्हणावं. काल जरा चढला होता." तो काढा काळाकुट्ट होता, सगळ्या खोलीत औषधी मुळ्यांचा आणि जळक्या मातीचा वास सुटला. तू उभ्या उभ्या सगळा प्यायलीस. शेवटच्या घोटाला तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि डॉक्टरबाईंनी समाधानाने तुझी पाठ थोपटली. ती दोघं गेल्यावर तू तोंडात साखर टाकलीस, खिडकीशी गेलीस, आणि पाठमोरी राहूनच म्हणालीस, "पुढच्या वेळी डोकं दुखतंय सांग. त्याला एवढं उकळत नसतील." त्या विषयावर आयुष्यभरात तू माझ्याशी एवढंच बोललीस. पुढच्या शनिवारी तू गेलीस, मीही आले, आणि भिंतीशी बसून बिया सोलत राहिले.

वर्ष संपलं. निघताना डॉक्टरबाईंनी तुला काळ्या कापडी चपला दिल्या, हाताने शिवलेल्या जाड तळव्यांच्या. इथे परत आल्यावर मला वाटलं, आता पुन्हा खिडकी. तो हिवाळा तू तशी गप्पच काढलास. मार्चमध्ये एका शनिवारी तू बाबांना म्हणालीस, "अहो, दोन्ही गाड्या गराजमधून बाहेर काढा." बाबांनी काही न विचारता काढल्या. दुपारी महाराष्ट्र मंडळाच्या चार काकू आल्या, कुणी पुण्याची, कुणी नागपूरची, आपापल्या नवऱ्यांनी गाडीने आणून सोडलेल्या. तू गराजच्या सिमेंटवर टाल्कम पावडर शिंपडलीस आणि टेप लावलीस. पुण्याच्या काकू म्हणाल्या, "अगं, हे आपल्याला शोभतं का या वयात?" तू म्हणालीस, "नाही शोभत. म्हणून तर दार बंद केलंय." मी वरच्या पायरीवर बसून बघत होते. पाच मराठी बायका, स्वेटर घातलेल्या, लॉनमोअर आणि बर्फाच्या फावड्यांमधून गिरक्या घेत, चिनीत मोजत. नंतर सगळ्यांच्या घरी आळीपाळीने जायचं ठरलं आणि न्यायला-आणायला नवरे कुरकुर करायला लागले, तेव्हा तू ड्रायव्हिंग शिकलीस. दोनदा नापास झालीस. तिसऱ्यांदा लायसन्स हातात आलं तेव्हा एकेचाळीस वर्षांची होतीस, आणि परीक्षा घेणाऱ्या गोऱ्याला घरी बोलावून पोहे दिलेस.

तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी नागपूरच्या काकूंना भेटायला गेले होते. चौघींपैकी त्या एकट्याच आहेत आता, गुडघे बदललेले, बोलणं मात्र खणखणीत. तुझा विषय निघाला तशा म्हणाल्या, "शेवटी शेवटी तुझी आई सांगायची, चीनसारखं वर्ष पुन्हा नाही मिळालं. तू मात्र पायरीवर तोंड फुगवून बसायचीस. आईची लाज वाटायची ना गं तुला?" मी हसून हो म्हटलं. सगळ्यांना हेच सांगत आले. तुलाही तसंच वाटलं असणार. चौदा वर्षांच्या मुलीला आईची लाज वाटायचीच, असं मनाशी म्हणून तू तो काढा पिऊन टाकलास.

लाज नव्हती गं ती. त्या बाईंचा हात धरून तू जशी हसायचीस, तशी माझ्याबरोबर चहा पिताना दहा वर्षांत कधी हसली नव्हतीस, आणि मला वाटत होतं आपण दोघी एकमेकींना पुरतो. ते मला सोसलं नाही. हे कुठे पोचायचं नाही, म्हणून लिहायला जमतं आहे. समोर असतीस आणि विचारलं असतंस, तर आजही लाजच म्हणाले असते.